देव आठ दिवस हलले नाहीत

आमच्या कंपनीचं यंत्र एकच गोष्ट सांगतं: समोरची वस्तू आहे त्या जागी किती वेळ न हलता बसली आहे. वस्तू कुणाची, तिथे कुणी ठेवली, ठेवताना काय काय ठरवलं होतं, यातलं त्याला काही कळत नाही. त्याचं नाव ठाणमापक. दोन हजार सदतीस साली ते बाजारात आलं, तेव्हा असलं यंत्र कोण विकत घेईल असं आम्हालाच वाटलं होतं. दीड वर्षात महाराष्ट्रातल्या बऱ्याच सुखी संसारांना घाम फुटला.

माणसं वस्तूंबद्दल किती खोटं बोलतात याचा तोवर कुणाला अंदाज नव्हता. व्यायामाची सायकल, 'रोज वीस मिनिटं करतो': एक वर्ष चार महिने. नणंदेने दिलेला डिनर सेट, 'अहो, पाहुणे आले की तोच काढतो': सात वर्षं. मुलाचं गणिताचं पुस्तक, परीक्षेच्या आदल्या दिवशी: जून महिन्यापासून. मग सरकारने हे यंत्र कचेऱ्यांना लावलं. एखादी फाईल एका टेबलावर सात दिवसांपेक्षा जास्त ठाण मांडून बसलेली सापडली की साहेबाला नोटीस. महिनाभरात प्रत्येक कचेरीत एक माणूस रोज सकाळी लांब काठी घेऊन सगळ्या फायली बोटभर सरकवू लागला. एका जिल्ह्यात तर रॅकखाली मोटर बसवली. ती दर सोमवारी सगळे रॅक एकदा थरथरवते. आज त्या जिल्ह्यात एकही फाईल थांबलेली नाही. पुढेही गेलेली नाही.

यामागचं विज्ञान शाळेतलंच आहे. पुस्तकात ज्याला स्थितिक घर्षण म्हणतात ते. एक वस्तू दुसरीवर ठेवली की आपल्याला वाटतं, दोन्ही एकमेकींना पूर्ण टेकल्या. भिंगातून पाहिलं तर सह्याद्री उचलून दुसऱ्या सह्याद्रीवर पालथा घातल्यासारखं दिसतं. शिखरं तेवढी शिखरांना टेकलेली, बाकी सगळी हवा. पण वजनाखाली ती शिखरं हळूहळू दबतात, रुंद होतात, शेजारच्या शिखरांना जाऊन मिळतात. हवेतला ओलावा फटींत शिरून बारीक पूल बांधतो. म्हणजे वस्तू जितका जास्त वेळ बसेल तितकी तिची पकड घट्ट. आधी भराभर, मग सावकाश: पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत पकड जेवढी वाढते, तेवढीच वाढायला पुढे शंभराव्या मिनिटापर्यंत थांबावं लागतं. आणि वस्तू केसभर जरी सरकली, तरी सगळी शिखरं सुटतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. आमचं यंत्र एका बारीक सुईने वस्तूला इतका हलका धक्का देतं की पकड सुटत नाही, नुसती ताणली जाते. त्या ताणावरून पकड किती मुरली आहे ते कळतं. मग वजन, धातू, लाकूड, दमट हवा हे सगळं धरून यंत्र वेळ सांगतं. आठवड्याला दोन-चार तास इकडे-तिकडे.

मी शार्दूल. शिरोलीच्या कारखान्यात ही यंत्रं तपासून पाठवायचं काम माझं. घर्षणासारख्या कोरड्या विषयात कसा काय पडलास, असं लोक विचारतात. मी सांगतो, आमच्या कॉलेजात नोकरी द्यायला तेवढी एकच कंपनी आली होती. हे खरं आहे. पूर्ण खरं नाही.

मी पंधरा वर्षांचा असताना कोल्हापुरातल्या आमच्या घराला रंग द्यायचा होता. मधल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, तेवीस वर्षं एकाच जागी. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, मुकुंदकाका, दोघं मिळून ते ढकलत होते. आई पलीकडच्या भिंतीशी वाकून वाटेतलं पायपुसणं काढत होती. कपाट ढिम्म.

स्थितिक घर्षणाचा स्वभाव असा की तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढाच ते उलटा लावतं. थोडा लावा, थोडा. जास्त लावा, जास्त. पण त्यालाही एक हद्द असते. ती ओलांडली की ते एकदम अंग काढून घेतं, आणि तोवर तुमचा जोर नुसती वस्तू चालू ठेवायला लागतो त्यापेक्षा कितीतरी वाढलेला असतो. म्हणून जड वस्तू कधी हळूच सरकत नाही. ती उडी मारते.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला कॅरम माहीत होता. मदत म्हणून मी कॅरमच्या पावडरचा डबा आणला आणि कुणाचं लक्ष नसताना कपाटाच्या पायांपुढे फरशीवर मूठभर पावडर पसरली. पायांखाली नाही, पुढे. विज्ञानाच्या दृष्टीने यापेक्षा वाईट जागा निवडता आली नसती. कपाट सुटायला पूर्ण जोर लागणार होता, आणि सुटल्यावर त्याला अडवायला काहीच उरणार नव्हतं.

"दादा, अजून थोडा जोर," काका म्हणाला.

दोघांनी लावला. कपाट चार फूट गेलं. आईचा डावा पाय कपाट आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. दोन बोटं गेली. ती अजून लंगडते.

बाबा आईकडे धावले. काकाने खाली पाहिलं. पांढरी फरशी पाहिली, मग माझ्या हातातला डबा पाहिला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने फरशी पुसली. आणि तो हसला. मुकुंदकाका घाबरला की हसायचा. आजोबा गेले तेव्हाही तिरडी बांधताना हसला होता आणि कुणीतरी त्याला बाहेर नेऊन उभा केला होता. पण आईने वर पाहिलं तेव्हा तिला एवढंच दिसलं की आपला पाय अडकलाय आणि दीर हसतोय.

"कुणी सांगितलं होतं एवढा जोर लावायला?" तिने विचारलं.

"मीच, वहिनी."

त्या दिवसानंतर आमच्या घरात त्याचं नाव निघालं नाही. वर्षभरात तो बदली मागून कराडला गेला. इतरांच्या घरी भाऊभाऊ कपाटात काय होतं यावरून तुटतात. आमच्याकडे कपाट सरकलं यावरून तुटले. पावडरीचं मी कुणाला सांगितलं नाही. आधी भीती होती, मग दहावीची परीक्षा होती, मग आईचं दुसरं ऑपरेशन होतं, मग इतका उशीर झाला होता की आता सांगणं चमत्कारिक दिसलं असतं. अशी अकरा वर्षं झाली.

तर परवाच्या शुक्रवारी संध्याकाळी मी कंपनीचं नवं, खिशात मावणारं ठाणमापक घरी आणलं. आईला बघायचं होतं. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बाबा पेपर वाचत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते संध्याकाळी सकाळचाच पेपर पुन्हा वाचतात.

टीव्हीचा रिमोट: चार मिनिटं. बाबांची योगासनांची चटई: अकरा महिने. आईचं शिलाईचं मशीन: दोन वर्षं एक महिना.

"खोटं आहे," आई म्हणाली. "दिवाळीत पडद्यांना टीप मारली की मी."

"कुठल्या दिवाळीत?"

"त्याला म्हणावं, नवीन आहेस, जपून बोल." मग तिने देवघराकडे हात केला. "देवांचं बघ. या घरात रोज वेळेवर उठणारे तेवढेच आहेत."

बाबा रोज सकाळी देवघराचं दार लोटून पाऊण तास पूजा करतात. एकेका देवाला उचलून ताम्हनात घ्यायचं, अंघोळ घालायची, पुसून जागेवर ठेवायचं. त्यानंतर आईच्या पायासाठी जप. कपाट सरकल्यापासून एक दिवस चुकलेला नाही, असं आई पाहुण्यांना सांगते.

"देवांना कशाला मोजायचं," बाबा पेपरातून म्हणाले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी रंगात आलो होतो.

बाळकृष्ण: आठ दिवस अकरा तास. मला वाटलं सुई नीट टेकली नाही. अन्नपूर्णा: आठ दिवस अकरा तास. जोतिबाचा टाक: आठ दिवस बारा तास.

"बाबा," मी म्हणालो, "निदान काठीने तरी सरकवायचे."

आई हसायला लागली. "अहो, मग रोज पाऊण तास आत बसून करता काय? घंटा तर ऐकू येते मला."

बाबांनी पेपर खाली ठेवला. खिशातून फोन काढला आणि एक बटण दाबलं. फोनमधून घंटा वाजली. चांगली खणखणीत, शेवटी थोडी लांबवलेली. मी हसून हसून सोफ्यावर आडवा झालो. ज्या माणसाला साधं पत्त्याचं लोकेशन पाठवता येत नाही, त्याने देवाला फसवायला घंटा डाउनलोड केली होती.

आई हसायची थांबली होती. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती.

"आठ दिवस," ती म्हणाली. "म्हणजे गेल्या गुरुवारी सकाळी हलले ते शेवटचे."

"हं," बाबा म्हणाले.

"गुरुवारी तुम्ही पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याला गेलात. दिवसभर."

"हं."

"गुरुवारपासून दाढी केली नाहीत. पुरळ आलंय म्हणालात. सोमवारी खीर केली, तर पोट ठीक नाही म्हणालात."

यंत्राला आकडा कळतो. आकड्याचा अर्थ लावायला आईसारखं माणूस लागतं. सुतकात देवांना हात लावत नाहीत, दाढी करत नाहीत, गोड खात नाहीत. घरातलं जवळचं कुणी गेलं तर दहा दिवस.

"अहो," आई हळू आवाजात म्हणाली, "कोण गेलंय?"

"मुकुंद."

माझ्या हातात यंत्र चालूच होतं. त्याची सुई माझ्या अंगठ्याला टेकली होती आणि ते 'वस्तू स्थिर नाही' असं दाखवत होतं.

"लिव्हरचं झालं होतं," बाबा म्हणाले. "महिनाभर दवाखान्यात होता. कुणाला कळवू नका म्हणाला होता. गुरुवारी पूजा आटोपून उठलो आणि शैलाचा फोन आला."

महिनाभर. तीन आठवड्यांपूर्वी मला काकाचा मेसेज आला होता. अकरा वर्षांतला पहिला. 'पेपरात तुझा फोटो पाहिला. मशीन घेऊन ये एकदा. इथे बघण्यासारखं बरंच काही थांबलंय.' मी त्याला अंगठा पाठवला होता. माणसाला याहून कमी कष्टात उत्तर देता येत नाही. तो मेसेज दवाखान्याच्या खाटेवरून आला होता हे मला आत्ता, सोफ्यावरून उठून बसताना कळलं.

"मला का नाही सांगितलंत?" आईने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुलाही सुतक लागलं असतं. माहीत नसलं की लागत नाही. त्याच्यासाठी दहा दिवस पाळ, असं तुला कोणत्या तोंडाने सांगू? मग मी एकट्यानेच पाळलं. देवांना हात लावायचा नव्हता आणि तुला कळू द्यायचं नव्हतं. रोज आत जाऊन नुसता बसायचो."

"पाऊण तास?"

"कधीकधी जास्त."

साथीचे आजार शिवल्याने लागतात, सुतक ऐकल्याने लागतं. बाबांनी आम्हा दोघांना त्यापासून आठ दिवस वाचवलं होतं आणि मी खिशातल्या यंत्राने ते घरभर पसरवलं होतं.

आईने पदराने शिलाईच्या मशीनवरची धूळ पुसली. "जाताना हसत होते का?" तिने विचारलं. लगेच तिलाच ते विचारायला नको होतं असं वाटलं असावं, कारण तिने तोंड फिरवलं.

"शुद्धीवर नव्हता," बाबा म्हणाले.

ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. मग तिथूनच तिचा आवाज आला. "उद्या दहावा ना? मी पण येते कराडला."

"तू?"

"पिंडाला कावळा शिवला नाही, तर सगळे माझंच नाव घेतील. त्यापेक्षा मी तिथे असलेली बरी. काय ते बोलून टाकीन. माफ केलं म्हणेन."

म्हणजे उद्या कृष्णेच्या घाटावर चार लोकांसमोर उभं राहून माझी आई एका माणसाला माफ करणार होती, ज्याने काहीच केलं नव्हतं. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"आई."

"काय?"

"चहा टाकू का?"

"टाक," ती म्हणाली. "सुतकात चहा चालतो."

सकाळी आम्ही निघालो. आमची गाडी स्वतः चालते, त्यामुळे समोर बघत बसायचं निमित्तही मला नव्हतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. 'आई, तुला एक सांगायचंय' हे चांगलं जमलं होतं. त्याच्या पुढचं वाक्य कराड येईपर्यंत आलं नाही.

घाटावर आता आधी वेळ राखून ठेवावी लागते, कारण कावळे कमी झालेत आणि त्यांचं पोट एका सकाळी तीन-चार पिंडांतच भरतं. आमची वेळ दुसरी होती. शैलाकाकू पायरीवर बसली होती. आईला लंगडत उतरताना पाहून ती उठली.

"आलात, ताई."

"आले," आई म्हणाली.

काकाच्या मुलीने, ऋजुताने, पिंड ठेवला. सगळे मागे सरकले. भिंतीवर एकच कावळा होता. तो पिंडाकडे पाहत होता, आम्ही त्याच्याकडे.

"बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही," ऋजुता म्हणाली. कावळा बसून.

"मुकुंदा, पोरीचं मी बघेन," बाबा म्हणाले. कावळा बसून.

"चहाचे फार शौकीन होते," शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. थर्मासातला चहा कपात ओतून पिंडाशेजारी ठेवला. कावळ्याने चोच भिंतीला पुसली.

मग आई पुढे झाली. तिने हात जोडले. "भावजी, तुम्ही हसलात ते मी सोडलं. मनापासून सोडलं. आता घास घ्या."

सगळे कावळ्याकडे बघायला लागले. कावळा नदीकडे बघायला लागला. मला त्याचं बरोबर वाटलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन कुणी काय करायचं?

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. पुढच्या कुटुंबाची माणसं वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ," ते म्हणाले. "चालतं तसं." काकूने तोंडाला पदर लावला. आईची मान खाली गेली. तिने माफ करूनही कावळा आला नव्हता. म्हणजे तिची माफी खरी नाही, असं चार लोकांना वाटणार होतं आणि तिलाही वाटायला लागलं होतं.

मी पुढे गेलो. पिंडासमोर उभा राहिलो. घसा साफ केला.

"काका," मी म्हणालो.

कावळा उतरला, भाताचा घास उचलला आणि उडून गेला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. "पुतण्यासाठी थांबला होता जीव," ते चहावाले गृहस्थ म्हणाले. काकू रडायला लागली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "तुझं सारखं बोलायचे," ती म्हणाली. "तुझ्या फोटोचं कात्रण उशीखाली होतं."

विज्ञान म्हणेल, पंधरा मिनिटांत त्याला भूक लागली असेल. पण माझ्यापुढे अडचण वेगळी होती. मी एक शब्द बोललो होतो आणि पुढचे कुणाला नको होते. आता गप्प राहिलो तर सगळ्यांचं भलं होतं. बाबांचा भाऊ सुटला होता. आई अकरा वर्षांत प्रथमच इतकी हलकी दिसत होती. आणि मी, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेला माणूस, लाडका पुतण्या ठरलो होतो. इतकं सोपं सुटणं मी स्वप्नातही मागितलं नसतं.

गुरुजी सामान आवरत होते. काकू आईकडे वळली. "ताई, तुमचं मन फार मोठं," ती म्हणाली. "एवढं होऊन तुम्ही आलात, त्यांना माफ केलंत." आणि ती वाकली. नऊ दिवसांपूर्वी नवरा गेलेली बाई आईच्या त्या तीन बोटांच्या डाव्या पायावर डोकं ठेवायला वाकत होती.

"काकू, थांब," मी म्हणालो. "कपाटापुढे पावडर टाकली होती. कॅरमची. ती मी टाकली होती."

काकू अर्धी वाकलेली तशीच राहिली.

"त्यावरून कपाट घसरलं. काकाने ते पाहिलं आणि टॉवेलने पुसलं, म्हणून कुणाला दिसलं नाही. तो माझ्यामुळे हसला. म्हणजे घाबरला. जोर लावा म्हणाला तो, पण जोर सगळेच लावतात. त्यावरून एवढं झालं नसतं. आणि तो आजारी असताना त्याने मला बोलावलं होतं. मी अंगठा पाठवला."

एवढं सगळं एका दमात आलं. मधे थांबायचं म्हटलं असतं तरी थांबता आलं नसतं. वरच्या पायरीवरची परकी माणसंसुद्धा ऐकत होती.

"मला कधी बोलले नाहीत," काकू म्हणाली. "मला म्हणायचे, दादापेक्षा माझाच जोर जास्त पडला."

बाबा पायरीवर बसले. ते दोन्ही हातांनी गुडघे धरून पाण्याकडे पाहत राहिले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणी ताप आला की ती असं पाहायची, किती चढलाय ते नुसत्या नजरेने मोजत. "किती टाकली होतीस?" तिने विचारलं.

"मूठभर."

"पायांखाली?"

"पुढे."

"पुढे कशाला?"

"मला वाटलं, आधी सुटेल, मग सरकेल."

तिने मान हलवली, एखाद्याने हिशोबात साधी चूक केल्यासारखी. मग तिने काकूला दोन्ही दंडांना धरून सरळ उभं केलं. "शैला, तू नको वाकूस," ती म्हणाली. "मी त्यांना काय काय बोलले आहे ते तुला माहीत नाही. माझीच मान वर होत नाही आता." थोडा वेळ दोघी तशाच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मग आई पिंडाच्या दिशेने वळली. पण तिथे पिंड नव्हता, गुरुजींनी पाण्यात सोडला होता. ती रिकाम्या पायरीकडे बघत म्हणाली, "भावजी, चुकले हो मी." त्याला उत्तर द्यायला कावळासुद्धा नव्हता.

मी काकूच्या पाया पडलो. तिने आशीर्वाद दिला नाही आणि पाय मागेही घेतले नाहीत.

परत येताना आई मागच्या सीटवर बाबांच्या शेजारी बसली. मी पुढे एकटा, स्वतः फिरणाऱ्या स्टिअरिंगसमोर. बाबांच्या गालांवर नऊ दिवसांची पांढरी दाढी होती आणि ते ती सारखी चाचपत होते.

पेठनाका गेल्यावर आई म्हणाली, "अकरा वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. जिना चढताना. भाकरी थापताना. चप्पल घालताना तर रोज."

"आता मला दे," मी म्हणालो.

"तुला त्या बसायच्या नाहीत. मोठ्या माणसाला द्यायच्या शिव्या होत्या त्या. तू पंधरा वर्षांचा होतास. पंधरा वर्षांच्या पोराला पावडर टाकली म्हणून काय बोलणार?"

मला क्षणभर बरं वाटलं. ते तिने आरशात पाहिलं.

"पण सोळाव्या वर्षी गप्प बसलास," ती म्हणाली. "सतराव्या वर्षी बसलास. तिसऱ्या ऑपरेशनला माझा हात धरून बसला होतास, तेव्हा वीस वर्षांचा होतास. काल चहा टाकू का विचारलंस तेव्हा सव्वीस वर्षांचा होतास. त्या प्रत्येक वर्षाचं वेगळं बोलावं लागेल मला."

"हो," मी म्हणालो.

तिने खिडकीबाहेर बघत थोडा विचार केला आणि सोळाव्या वर्षापासून सुरुवात केली. पहिला शब्द साधाच होता, काच फोडल्यावर मिळायचा तसला. दुसरा मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अठराव्या वर्षाशी तिचा आवाज चढला. एकोणिसाव्या वर्षी ती रडायला लागली, पण थांबली नाही. मी मागे वळून बसलो, म्हणजे तिला आरशातून बोलावं लागू नये.

गाडीने वेग कमी केला. "प्रवाशांचा आवाज वाढला आहे," ती नम्रपणे म्हणाली. "गाडी बाजूला घेऊन थांबवू का?"

"नको," बाबा म्हणाले. "अजून सात वर्षं राहिलीत. हळू चालव."